मला इंग्रजीत रडता येत नाही

प्रश्न : ताई, मी डिचोलीची. जावयाने पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि तीन वर्षांपूर्वी लेक त्याच्याबरोबर इंग्लंडला, स्विंडनला गेली. चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. माझा व्हिसा वेळेत झाला नाही, त्यामुळे बाळंतपण तिचं तिनेच निभावलं. जावई गोदामात रात्रपाळीला. आता ती धड जेवत नाही, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, ‘मी आई व्हायच्या लायकीची नव्हते’ म्हणते. तिथल्या नर्सने दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि व्हिडिओवरून बोलायची थेरपी सुचवली. एकदा बोलली, आता नको म्हणते. ‘आई, मला इंग्रजीत रडता येत नाही.’ विहीणबाई म्हणतात, ही नाटकं, आम्हीही पोरं काढली. गोव्यातून कुणी मराठीत ऑनलाइन बोलेल का? आणि गोळ्या दिल्या तर अंगावर पाजणं बंद करावं लागेल का?
– एक आई, डिचोली

उत्तर : तुमच्या लेकीचं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. माझ्याच एका फजितीची आठवण झाली.

तो दहा प्रश्नांचा कागद माझ्या चांगला ओळखीचा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला तो १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाला, एडिनबरा स्केल म्हणतात. त्यातला सहावा प्रश्न असा आहे की शब्दाला शब्द लावला तर ‘वस्तू माझ्या वर चढून बसतात’ असं काहीतरी होतं. वीसेक वर्षांपूर्वी, नवखी असताना, वाळपईकडच्या एका घरात मी तो जवळजवळ तसाच वाचला. बाळंतीण वर बघत राहिली आणि म्हणाली, ‘बाये, माळ्यार कांयच ना.’ मी ओशाळले. मग विचारलं, ‘सगळं अंगावर येतं काय गो?’ तिने पदर तोंडाला लावला. पुढचे चार प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. (तरी विचारले. दहावा, जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा, कधीच गाळायचा नसतो.)

तेव्हा लेक नखरे करत नाही. पण नुसती भाषा बदलूनही भागणार नाही. तिला न्हाऊ कुणी घातलं? शेक, धुरी, मेथीची पेज, हळिवाचे लाडू, सव्वा महिना? यातलं काहीच झालं नाही आणि ते सगळं ती स्वतःच्या खात्यावर चूक म्हणून मांडत असणार. ‘स्वतःसाठी वेळ काढ’ हा सल्ला वाईट नाही, पण जिच्या मनात सव्वा महिन्याचं देणं थकलंय तिला तो टोमण्यासारखा लागतो. आपल्या बायकांसाठी बेतलेली थेरपी तिथून सुरू होते. सासू, माहेर, नवऱ्याचा पगार, लोक काय म्हणतील, हे सगळं त्या बोलण्यात यावं लागतं.

इंग्लंडमध्ये याचा अभ्यास झालाय. दक्षिण आशियाई वंशाच्या ७३२ आया, बाळंतपणानंतरचं नैराश्य असलेल्या. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या रीतिभातींप्रमाणे बदललेली गटातली थेरपी, बारा बैठका. चार महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या जास्त बायका बऱ्या झालेल्या होत्या. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच होते. काही जण यावर नाक मुरडतात. मी म्हणते, चार महिन्यांच्या बाळाच्या आईला काही महिने आधी बरं वाटणं ही काय लहान गोष्ट झाली?

विहीणबाईंचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच एका अभ्यासात, जिल्हा इस्पितळात नाव घातलेल्या बायकांपैकी २३ टक्क्यांना हे नैराश्य आढळलं होतं. म्हणजे इथेही होत होतं, फक्त ‘अंगात वारं गेलं’ म्हणून मोकळे व्हायचे. त्याच अभ्यासात गरिबी, नवऱ्याची मारझोड, आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा संबंध दिसला. म्हणून तुम्हालाच विचारते : मुलगी झाली यावर तिकडून फोनवर कुणी काही बोललं का? ‘नाटकं’ या शब्दामागे ते तर नाही? असेल तर जावयाशी बोला, विहीणबाईंशी नको. आईला गप्प करणं हे मुलाचंच काम.

आता ऑनलाइनचं. पहिली थेरपिस्ट जमली नाही म्हणून सरकारी सेवा सोडू नये. ती फुकट आहे. माणूस बदलून मागता येतं, दुभाषाही मागता येतो. मराठी नसेल तर हिंदी चालेल, फक्त दुभाषा स्विंडनच्या गोंयकारांतला नको म्हणून आधीच सांगायचं. नाहीतर रविवारच्या जेवणात हिची गोष्ट वाढली जाईल. गोव्यातल्या समुपदेशकाशी मराठीत बोलायला हरकत नाही, पण तिथल्या डॉक्टरला ते माहीत हवं, आणि इथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर मागायला हवा. रात्री काही झालं तर पर्वरीहून स्विंडनला कोण धावणार? ज्या बाई हे विचारत नाहीत त्यांच्याकडे पैसे भरू नका.

एका खोलीत संसार आणि नवरा दिवसा झोपलेला, तर बोलायचं कुठे? माझ्याशी एक मुलगी बाबागाडी ढकलत, कानात इअरफोन घालून बागेत फिरत बोलायची. कॅमेरा बंद. छान चालायचं. पाऊस आला की बसथांब्यावर उभी.

गोळ्यांचं घाबरू नका. सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं आणि पाजणाऱ्या आयांना देतात. पण ती पाजते हे डॉक्टरला सांगायचं आणि मनाने बंद करायचं नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का, तेही विचारायला लावा. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडला तरी असंच मलूल वाटतं.

एक गोष्ट आजच करा. तिला सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं काय गो?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली, किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, कानात आवाज, रात्र रात्र जागून भलतंच बोलणं असं काही असलं तर तिथे १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडायचा. जिवाला धोका असेल तर ९९९. जावयाला हे नंबर फोनमध्ये घालून ठेवायला सांगा. तुमची स्वतःची झोप उडाली असणारच. तुमच्यासाठी टेलिमानस ही आपल्या सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि व्हिडिओ कॉल. तुमच्या लांबलचक मूळ पत्रात ‘बाळ दाखव म्हटलं की ती फोन बाळाकडे धरते’ असं तीनदा आलंय. म्हणजे चार महिने तुम्ही नात बघताय, लेक दिसतच नाही. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे साडेचार वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळचे अकरा असतात, उन्हाळ्यात बारा. त्या वेळी लावा. फोन तिच्याच तोंडावर राहू दे. काय जेवलीस विचारा, आणि काहीच नाही म्हणाली तर ओरडू नका. तुम्हीही चहाचा कप घेऊन समोर बसून राहा, ती रडली तर रडू दे.