नुसतंच ‘टक्’!

प्रश्न: बोटीच्या आउटबोर्ड इंजिनची चावी फिरवली की फक्त ‘टक्’ होतं, स्टार्टर फिरत नाही. बॅटरी चार्ज आहे. काय तपासू?

उत्तर: ‘टक्’ होतं म्हणजे सोलेनॉइडला (स्टार्टरकडे करंट सोडणारा विजेवरचा स्विच) करंट मिळतोय, न्यूट्रल स्विच (गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ न देणारा) बहुधा ठीक. मल्टिमीटर बॅटरीला लावा. एरवी १२.६ व्होल्ट हवेत. चावी धरल्यावर ९.६च्या खाली गेले तर आधी बॅटरीचीच लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करा.

व्होल्ट टिकले तर निगेटिव्ह केबल बघा. खाऱ्या हवेत तांबं रबराच्या आत हिरवं पडतं, वरून कळतही नाही. मीटर बॅटरी निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉकला लावून चावी धरा: अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर केबल बदला, घासत बसू नका. केबल ठीक आणि स्टार्टरवर १० व्होल्ट पोहोचूनही तो ढिम्म, तर बहुधा स्टार्टरमधले ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. तिथे व्होल्टच नसले तर बहुधा सोलेनॉइड गेला.