'फेअरी कोर्ट'ला मराठीत काय म्हणावे?

फेअरींच्या राज्यांमधील युद्ध आणि त्यात फुलणारे प्रेम अशी एक इंग्रजी कादंबरीमालिका वाचून तिच्याविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की 'फेअरी'ला परी आणि 'कोर्ट'ला दरबार म्हटले तर सारे बालकथेसारखे वाटू लागते. मग कोणते शब्द वापरावेत?

त्यांची अडचण खरी आहे. परी आणि फेअरी यांचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग आहे. परी आपल्याकडे फारसीतून आली आणि तिचे मूळ पारशी धर्मग्रंथ अवेस्तेतील 'पइरिका' या घातकी स्त्रीरूपाशी जाऊन पोचते. फेअरीचे मूळ मात्र दैव ठरवणाऱ्या लॅटिन 'फाता' देवतांमध्ये आहे, आणि मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द आधी मायेचा व मायावी प्रदेशाचा वाचक होता, व्यक्तीचा नंतर झाला. स्कॉटलंडमधील लोक या अद्भुत जमातीला इतके भीत, की तिचे नाव टाळून 'भले शेजारी' म्हणत. आपण रोगाला 'देवी' म्हणत आलो, त्याच जातीचा हा आदर आहे. मराठीतली परी पंख लावून, छडी घेऊन येते. शिवाय ती स्त्रीलिंगी असल्यामुळे या कादंबऱ्यांतील तलवार चालवणाऱ्या नायकाला काय म्हणावे, हा प्रश्न उरतोच. विहिरी आणि डोह यांच्याकाठी पुजल्या जाणाऱ्या सातीआसरा भावनेने अधिक जवळच्या आहेत (आसरा हे अप्सरेचेच रूप), परंतु त्या आजही लोकांच्या श्रद्धेचा विषय असल्यामुळे त्यांचे नाव परक्या पात्रांना देऊ नये, असे मला मनापासून वाटते. या जमातीसाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'फे' (fae) हा मूळ शब्दच ठेवावा: तो फे, ती फे, ते फे.

'कोर्ट'चा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. मराठीत कोर्ट म्हटले की वकील आणि तारखा आठवतात, आणि दरबार म्हणजे भरतो आणि उठतो तो. या कथांतील कोर्टाचा अर्थ याहून मोठा असून त्यात प्रदेश, राजघराणे, त्याचे सरदार आणि त्याच्याशी वाहिलेली निष्ठा हे सर्व सामावते. एवढे सगळे पेलणारा शब्द आपल्या इतिहासात तयार आहे, तो म्हणजे गादी. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांच्यात आणि ताराबाईंत जो संघर्ष पेटला, त्यातून सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी अशा दोन गाद्या झाल्या, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्या सीमा ठरल्या. कोणता सरदार कोणत्या गादीकडे, हे वाक्य मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून 'वसंताची गादी', 'हिवाळ्याची गादी' असे लिहावे, आणि राजा सिंहासनावर बसून सभा भरवतो त्या प्रसंगापुरता दरबार राखून ठेवावा. स्कॉटिश लोककथांतील 'सीली' (माणसांशी भले वागणाऱ्या फेंचे) आणि 'अनसीली' (दुष्ट फेंचे) कोर्ट या जोडीलाही हेच लागू पडते. सीली म्हणजे मुळात सुखी, धन्य. इंग्रजीत 'मूर्ख' या अर्थाने रूढ असलेला 'सिली' त्याचाच वंशज आहे. तेव्हा तिथे 'शुभ गादी' आणि 'अशुभ गादी' म्हणता येईल, आणि 'तिने अशुभ गादीचा पक्ष सोडला' हे वाक्य कोणत्याही तळटीपेशिवाय वाचले जाईल.