सुरीच्या मुठीला गेलेली चीर : भरावी की मूठ बदलावी?

प्रश्न : मी कोल्हापुरात स्वयंपाकाच्या सुऱ्या हाताने घडवतो. गेल्या जुलैत शिसवाच्या फळ्या आणून पात्यांना पितळी रिवीट मारून मुठी बसवल्या. फेब्रुवारीपासून काही मुठींना रिवीटजवळ केसासारख्या चिरा गेल्या आहेत, पोलादाची कड लाकडाच्या वर येऊन हाताला लागते आणि एका मुठीतल्या गाठीत खड्डा आहे. भुसा आणि गोंद भरून या सुऱ्या विकाव्यात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तीनपैकी पहिले दोन दोष एकाच कारणाने आलेले दिसतात. जुलैत कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की फळी वाळण्याऐवजी ओलावा ओढून फुगते. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर तीच फळी आकसते, पोलाद मात्र आहे तेवढेच राहते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रेषेच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या, दिशेने जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, परंतु रेषेला आडवे ते कित्येक टक्के आकसते. म्हणून मुठीची रुंदी घटून पोलादाची कड उघडी पडली आणि रिवीटने अडवून धरलेले लाकूड रेषेच्या बाजूने उकलले.

वर आलेली कड उन्हाळ्याच्या अखेरीस, लाकूड सर्वांत आकसलेले असताना, घासून सपाट करावी. पावसाळ्यात लाकूड किंचित वर येईल, पण ते पोलादासारखे बोचत नाही.

गाठ टोकदार सुईने दाबून पाहावी. ती हलत नसेल, तर त्याच लाकडाचा बारीक भुसा इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या गोंदात) कालवून खड्डा थोडा उंच भरावा आणि पूर्ण कडक झाल्यावर २२० व नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. हे तेल लावण्यापूर्वी करावे, कारण तेलकट लाकडाला इपॉक्सी नीट धरत नाही. शिसवाचा भुसा नाकाला आणि त्वचेला त्रास देतो, तेव्हा मास्क अवश्य लावावा.

खरा विचार चिरांचा करावा लागेल. मुठीवर स्पिरिटचा बोळा फिरवा. बाकीचा पृष्ठभाग सुकला तरी चिरेची रेघ काही क्षण ओली राहते आणि ती कुठवर गेली आहे हे स्पष्ट दिसते. चीर वरवरची आणि रिवीटपासून दूर असेल, तर पातळ सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणाऱ्या) गोंदाचा थेंब तिच्यात आपोआप ओढला जातो आणि तेवढे पुरते. मात्र ती रिवीटच्या भोकातून निघून मुठीच्या टोकाला किंवा दुसऱ्या रिवीटला पोहोचली असेल, तर ती भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरी दाबताना सगळा जोर त्याच जागी येतो, खानावळीत ती दिवसभर ओली राहते, आणि हातात मूठ सुटली तर पाते कुठे जाईल याचा नेम नसतो.

अशी मूठ काढताना रिवीटचे डोके ड्रिलने कापावे आणि इपॉक्सी सैल होण्यापुरतीच ऊब द्यावी. गॅसची ज्योत लावू नये. साध्या कार्बन पोलादाला पाणी दिल्यानंतर, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केल्यानंतर, सुमारे २०० अंश सेल्सिअसला पुन्हा ताव देऊन त्याचा कडकपणा ठरवलेला असतो आणि त्याहून जास्त उष्णतेने धार मऊ पडते. पात्याला ओले फडके गुंडाळून काम करावे.

नवे लाकूड मुठीच्या जाडीचे कापून सावलीत ठेवावे, दर आठवड्याला वजन करावे आणि वजन घटायचे थांबल्यावरच वापरावे. रिवीटचे भोक किंचित सैल ठेवून त्यात इपॉक्सी भरावी. पितळ जोरात ठोकले की ते भोकातच फुगते आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते. पुष्कळ कारागीर दोष लाकडाला देतात, पण तो बऱ्याचदा हातोडीचा असतो.

गाठ भरलेली सुरी गिऱ्हाइकाला ती जागा दाखवून खुशाल विकावी. शेवटी जवसाचे तेल चोळाल, तेव्हा तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत.