मांडवीवरची रात्र आणि आयपीएलचा हंगाम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. मे महिन्यात, आयपीएल ऐन भरात असताना, तुम्ही चौघे मित्र पुण्याहून गोव्याला जाणार, एक रात्र पणजीला मांडवीतल्या कॅसिनोवर काढणार आणि "तिथेच मॅच बघू, जमल्यास तिच्यावरही थोडे लावू" असे तू लिहिले आहेस. तू कमावता आहेस आणि परवानगी नव्हे, सल्ला मागितला आहेस, म्हणून तसेच धरून लिहितो. कॅसिनो पाहायला जाण्याला माझा विरोध नाही. हरकत आहे ती तुझ्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याला, कारण तू ज्या दोन गोष्टी एका बेतात बसवल्या आहेस त्या कायद्याने वेगळ्या आहेत आणि पैशांच्या दृष्टीने तर त्याहूनही वेगळ्या आहेत.

आधी कायद्याचे पाहू. गोव्यातले कॅसिनो 1976च्या जुगारविषयक कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांवर उभे आहेत. 1992 साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवर खेळायला मुभा मिळाली आणि 1996 साली पाण्यातल्या जहाजांवर टेबलांचे खेळ मान्य झाले. मांडवीत जी जहाजे उभी दिसतात ती या दुसऱ्या दुरुस्तीमुळे. या परवान्यात रूले (फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्याच्या घरात थांबेल यावर लावायचे), पत्ते, अंदर बाहर (मधल्या पानाच्या जोडीचे पान कोणत्या बाजूला पडेल यावर लावायचा पत्त्यांचा खेळ) वगैरे येते. क्रिकेटच्या सामन्यावरचा सट्टा येत नाही. जहाजावरच्या पडद्यावर सामना दिसत असला, तरी त्या सामन्यावर पैसे लावण्याची कायदेशीर खिडकी तिथे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले, म्हणून मुंबईत महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर रीतसर पैसे लावता येतात. क्रिकेटला अशी सूट कधीच मिळाली नाही. क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीने 2016 साली आणि विधी आयोगाने 2018 साली सट्टा नियमांखाली आणण्याच्या बाजूने विचार मांडले, पण त्यातून कायदा झाला नाही. उलट ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही; खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा जहाजावर, धक्क्यावर किंवा हॉटेलच्या लॉबीत कोणी "मॅचचा भाव पाहिजे का" असे विचारले, तर तो माणूस परवान्याच्या बाहेरचा आहे हे मनात पक्के असू दे.

तरीही मला काळजी वाटते ती पोलिसांपेक्षा उधारीची. बँकेच्या कर्जविभागात माझे आयुष्य गेले, म्हणून कदाचित मला हीच बाजू आधी दिसते. कॅसिनोत तू आधी पैसे देतोस, चिप्स (पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या) घेतोस आणि चिप्स संपल्या की खेळ संपतो. पुन्हा खेळायचे तर पुन्हा काउंटरपर्यंत चालत जाऊन पुन्हा पैसे मोजावे लागतात. सट्ट्यात बहुतेक वेळा याच्या उलट घडते. ओळखीतल्या माणसाकडून आयडी, म्हणजे सट्ट्याच्या संकेतस्थळावरचे खाते, मिळतो, आगाऊ फारसे काही न घेता उधारीची मर्यादा दिली जाते आणि हिशोब आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, बहुधा सोमवारी, होतो. मधल्या दिवसांत स्क्रीनवर जे आकडे वरखाली होतात ते पैसे आहेत असे वाटतच नाही. ते पैसे होतात सोमवारी.

तुझ्यासारख्या गणिती मुलाला सट्ट्याचा भाव आकर्षक वाटेल, हेही मी समजू शकतो. बुकीने बलाढ्य संघाचा भाव 40-42 दिला, तर लगाई करणाऱ्याला, म्हणजे तो संघ जिंकेल यावर लावणाऱ्याला, 100 रुपयांवर 40 मिळतात. खाई करणाऱ्याला, म्हणजे त्या संघाविरुद्ध लावणाऱ्याला, तो संघ जिंकल्यास 42 द्यावे लागतात आणि हरल्यास 100 मिळतात. या दोन आकड्यांतली फट इतकी बारीक आहे की रूलेपेक्षा हे बरे, असे तुला वाटू शकते. पण ती फट एकदा मोजून उपयोग नाही. एका सामन्यात भाव शेकडो वेळा हलतो, वर सहा षटकांचे सेशन, दहा षटकांचे सेशन (तेवढ्या षटकांत किती धावा होतील यावरची पैज), पुढच्या चेंडूवर काय होईल याचे भाव, आणि 2022 ते 2025 या प्रत्येक हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत 74 सामने होते. शिवाय तू टीव्हीवर किंवा मोबाईलवर जो चेंडू पाहतोस तो मैदानावर काही सेकंद आधीच पडलेला असतो, आणि भाव ठरवणारी माणसे त्या सेकंदांवरच जगतात. अशा खेळात तुझे क्रिकेटचे ज्ञान, ते कितीही चांगले असले, उशिरा पोहोचलेले असते.

जिंकलास तरी अडचण आहे. भारतीय करार कायदा 1872च्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, म्हणजे बुकीने जिंकलेले पैसे दिले नाहीत तर तुला कोणत्याही न्यायालयात जाता येत नाही. वसुली करणाऱ्याला न्यायालयाची गरज पडत नाही. तो तुझ्या कार्यालयाच्या खाली उभा राहतो, घरी फोन करतो. आमच्याकडे वैयक्तिक कर्जासाठी येणाऱ्या काही तरुणांच्या अर्जावर "घरदुरुस्ती" लिहिलेले असे. चेहरा पाहिला की खरे कारण विचारायची गरज पडत नसे. महादेव या सट्ट्याच्या अ‍ॅपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने जो तपास केला, त्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील. अशा जाळ्यात तुझे नाव, फोन क्रमांक आणि बँक खाते कोणाकोणाच्या हाती जाते याचा विचार कर.

आता दोन्ही एकत्र आले की काय होते ते पाहा. टेबलावर 5,000 गेले की खिशातला मोबाईल आठवतो आणि शेवटच्या पाच षटकांत ते भरून काढू असे वाटते. सामन्यात 5,000 आले की ते फुकटचे समजून टेबलावर ठेवले जातात. ज्याला तुम्ही मुले "लॉस कव्हर करणे" म्हणता, त्याला एका जागेहून दुसऱ्या जागी उडी मारायला वाट मिळते. जहाजावरची रात्र पहाटे संपते आणि फेरीबोट तुला धक्क्यावर आणून सोडते. आयडी मात्र तुझ्याबरोबर पुण्याला परत येतो आणि हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी साडेसातला जागा होतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की सहलीत सट्टा नको, "थोडा" सुद्धा नको. हे मान्य असेल तरच पुढचा हिशोब वाच, कारण तो फक्त कॅसिनोच्या रात्रीचा आहे.

त्या रात्रीचा खर्च आधी मोजता येतो, आणि मोजताना बहुतेक जण चुकीच्या जागी पाहतात. कॅसिनोच्या चिप्सवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. हा कर प्रत्येक डावावर नाही. चिप्स घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर आहे, आणि न खेळलेल्या चिप्स परत केल्यास त्यांची किंमत मिळाली तरी कर परत होत नाही. तू कर धरून 10,000 रुपये दिलेस, तर हातात सुमारे 7,140 रुपयांच्याच चिप्स येतात. आता खेळाचा हिशोब करू. एका शून्याच्या रूलेत 37 घरे असतात आणि एका आकड्यावर 35 पट मिळतात, त्यामुळे लावलेल्या दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोकडे राहतात. दर फेरीला 500 रुपये, तासाला 40 फेऱ्या आणि चार तास धरले, तर एकूण 80,000 रुपये लावले जातात आणि सरासरी तोटा 2,160 रुपये निघतो. म्हणजे काउंटरवर करापोटी गेलेले 2,860 रुपये रात्रभराच्या रूलेच्या सरासरी तोट्यापेक्षा अधिक आहेत. चाक दोन शून्यांचे असेल तर तो तोटा 4,200च्या घरात जातो, तेव्हा बसण्यापूर्वी चाकावरची शून्ये मोज. सरासरी म्हणजे हमी नव्हे. एवढ्या फेऱ्यांत चार-सहा हजार इकडेतिकडे होणे अगदी साधे आहे, आणि 7,140च्या चिप्स मध्यरात्रीपूर्वीच संपल्या तर त्यात आश्चर्य मानू नकोस.

यातून करायची गोष्ट एकच. चिप्स एकदाच घे, ठरवलेल्या रकमेच्या घे आणि दुसऱ्यांदा काउंटरवर जाऊ नकोस, कारण दुसऱ्यांदा जाणे म्हणजे नव्याने 40 टक्के कर देणे. काउंटरवर आधी विचार की सांगितलेली रक्कम कर धरून आहे की वर वेगळी. प्रवेशाच्या पॅकेजात जेवण, मद्य आणि काही चिप्स येतात. त्या चिप्स बहुधा फक्त खेळण्यासाठी असतात, त्यांचे रोख पैसे होत नाहीत, हेही विचारून घे. शुक्रवार-शनिवारचे दर सहसा चढे असतात आणि टेबलांवरची किमान रक्कमही वाढलेली असते. अंदर बाहर आपल्या लोकांना घरचा खेळ वाटतो, म्हणून त्याच्या टेबलाशी गर्दी असते. तिथेही ज्या बाजूला पहिले पान पडते तिची शक्यता किंचित जास्त असते आणि नेमकी तिथेच रक्कम कमी दिली जाते, हे लक्षात ठेव.

जिंकलास तर प्राप्तिकर 30 टक्के आणि वर उपकर, म्हणजे 31.2 टक्के, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. एका रात्री 20,000 जिंकून दुसऱ्या रात्री तेवढेच हरलास, तरी कायद्याच्या नजरेत 20,000 उत्पन्न आहे आणि 6,240 रुपये कर आहे. विवरणपत्रात ते दाखव. नोकरीची पहिली काही वर्षे आहेत. कागद स्वच्छ राहिले पाहिजेत.

बाकीचे थोडक्यात. वय 21 पूर्ण हवे आणि ओळखपत्र जवळ हवे. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला मनाई आहे, तेव्हा तुमच्यातल्या कोणाच्या आधारवर गोव्याचा पत्ता असेल तर त्याला आधीच सांगा. क्रेडिट कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा. मद्य पॅकेजातले असले तरी टेबलावर बसण्यापूर्वी घेऊ नका, आणि रात्र जागून सकाळी लगेच चोर्ला किंवा आंबोली घाटाने गाडी हाकत परत निघू नका. त्यापेक्षा करमळी किंवा थिवीहून रेल्वेने या. तारखेबद्दल सांगायचे तर मे महिना मुळातच सुट्यांच्या गर्दीचा, त्यात सामने. अंतिम सामना झाल्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर खोल्या स्वस्त मिळण्याची शक्यता आहे, पाऊस सुरू झाला असेल तर गोवा फार सुंदर दिसतो, आणि मोबाईलवर भाव पाहण्याचे निमित्तच उरत नाही. माझे मत विचारशील तर हाच बदल सर्वांत आधी कर.

शेवटी ज्या ओळीवर तू फार थांबला नाहीस तिच्याकडे येतो. चौघांतल्या एकाकडे आयडी आधीच आहे आणि "तो सगळे मॅनेज करतो" असे तू लिहिले आहेस. त्याला एकट्याला गाठ, इतरांसमोर नको, आणि सोमवारी त्याने किती द्यायचे आहे एवढेच विचार. उत्तर सरळ आले आणि रक्कम फिटलेली असली तर सहलीत आयडी वापरायचा नाही असे त्याच्याकडून कबूल करून घे. उत्तर टाळले गेले, पगारापूर्वी तो तुमच्याकडून पैसे मागत असला, किंवा एखाद्या अ‍ॅपवरून कर्ज काढून हिशोब फेडत असला, तर हा शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या अशा ओढीला आजारांत गणते आणि तिच्यावर उपचार होतात. 14416 हा शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. पहिला फोन त्याच्या शेजारी बसून तूच लाव. घरी सांगण्याची वेळ आली तर त्याच्या वडिलांकडे जाताना मला बरोबर ने. कर्जाची यादी कागदावर कशी मांडायची आणि कोणाचे आधी फेडायचे, हे मी त्यांच्याबरोबर बसून पाहीन. आणि तो त्या अवस्थेत असेल तर या वेळी तुम्हा चौघांपैकी कोणीही जहाजावर जाऊ नका. पणजीला जा, फोंतेन्हासच्या गल्ल्या पाहा, दिवाडीला फेरीने जा, मासळी खा आणि त्याला तुमच्याबरोबर ठेवा.

तुझा हितचिंतक