लाल मुनिया उन्हाळ्यात जाते कुठे?

सप्टेंबरात तुमच्या उसाच्या बांधावर लाल अंगावर पांढरे ठिपके असलेले चिमुकले पक्षी होते आणि आता फेब्रुवारीत तिथे नुसत्या मातकट 'चिमण्या' आहेत, तर लाल गेले कुठे, असं तुम्ही विचारलंय. कुठेच गेले नाहीत. त्या मातकट थव्यातच बसलेत.

ही लाल मुनिया, जुन्या मंडळींची लाल मनोली. जेमतेम १० सेंटीमीटरचा जीव. नर लालभडक असतो तो विणीपुरता, पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत. मग पिसं झडतात आणि नवी येतात ती मादीसारखी. आपल्याकडच्या बाकीच्या मुनिया बारा महिने एकाच कपड्यात असतात, म्हणून ही फसवते.

मीही फसलो होतो. कुणीतरी जाळं लावून लाल तेवढे पकडले, अशी समजूत करून घेऊन शेजारच्या शेतकऱ्याशी भांडलोसुद्धा. पुढे जूनमध्ये त्याच गवतावर एक नर दिसला, अर्धा मातकट, अर्धा लाल, थेट रंगपंचमी खेळून आल्यासारखा. शेजाऱ्याला चहाला बोलवावं लागलं.

आता ओळखायचं कसं? पक्षी उडताना शेपटीच्या वर, कमरेवर बघा. तिथला लाल रंग नर-मादी दोघांनाही वर्षभर असतो. पंखांवर बारीक पांढरे ठिपके, चोचीपासून डोळ्यापर्यंत काळसर पट्टी. चोच लाल असते खरी, पण तिच्यावर फार विसंबू नका, एप्रिलच्या सुमारास ती काळी पडते आणि मेपासून पुन्हा लाल होऊ लागते. कंबर पांढरी, शेपटी काळी टोकदार आणि चोच राखाडी असेल तर ती पांढऱ्या कंठाची मुनिया. पोटावर खवले असतील तर ठिपकेवाली.

हिच्या 'अमंडावा' या शास्त्रीय नावात आपलं अहमदाबाद दडलंय. तिथून हे पक्षी पिंजऱ्यांतून परदेशी जात, त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश होत होत १७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने तेच नाव पक्क्यावर घेतलं.

पिंजऱ्यात ठेवता येईल का, हेही विचारलंत. नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. त्यापेक्षा बांधावरचं उंच गवत पावसाळ्यात थोडं राखा. गवताच्या बिया हेच यांचं मुख्य खाणं, आणि कुशीला दार असलेलं गोल घरटंही त्याच गवतात, जमिनीलगत असतं. खुरपणीला बायका येतील त्यांना आधी सांगून ठेवा.