पार्लमेंट क्लॉक १७९७चंच असतं का?

चोरबाजारात काळ्या तबकडीचं एक उंच घड्याळ दिसलं, विक्रेता त्याला 'अॅक्ट ऑफ पार्लमेंट क्लॉक' म्हणतोय, १७९७ सालचं, इंग्लंडच्या टॅव्हर्नमधलं, म्हणजे दारूच्या गुत्त्यातलं. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घड्याळ न बघता हो-नाही सांगता येणार नाही, पण १७९७ची गोष्ट ऐकून भुलू नका.

नावातला 'अॅक्ट', म्हणजे कायदा, खरा आहे. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, तिजोरीला पैसा हवा होता, म्हणून पंतप्रधान धाकट्या विल्यम पिटने १७९७ मध्ये घड्याळांवर वार्षिक कर बसवला: घरातल्या घड्याळाला ५ शिलिंग, खिशातल्या सोन्याच्या घड्याळाला १०, चांदीच्या किंवा इतर धातूच्या घड्याळाला अडीच. गिऱ्हाईक आटलं, कारागीर उपाशी मरायची पाळी आली, त्यांनी ओरड केली आणि १७९८च्या एप्रिलमध्ये कर रद्द झाला. म्हणजे सगळा खेळ जेमतेम नऊ महिन्यांचा. लोकांनी कर चुकवायला घड्याळं काढून टाकली म्हणून टॅव्हर्नवाल्यांनी भिंतीवर मोठी लावली, ही कथा पुढे चिकटली. प्रत्यक्षात अशी घड्याळं १७२०च्या आसपासपासूनच बनत होती. इप्सविचच्या थॉमस मूरने केलेली तर कराच्या कितीतरी आधीची आहेत.

अशी घड्याळं लागण्याचं खरं कारण मला घोडागाडीच्या थांब्यांत दिसतं. प्रवासी गाड्या सराईपाशी घोडे बदलत, आणि १७८४ मध्ये ब्रिस्टल-बाथ-लंडन मार्गावर टपालगाडी सुरू झाल्यावर तर मिनिटाला किंमत आली. गाडीच्या रक्षकाजवळ कुलूपबंद घड्याळ असे. गंमत म्हणजे प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर चाले, ब्रिस्टल लंडनच्या सुमारे १० मिनिटं मागे! त्यामुळे रक्षकाचं घड्याळ प्रवासाच्या दिशेप्रमाणे मुद्दाम पुढे पळेल किंवा मागे पडेल असं लावून द्यायचे. अशा वेळी सराईतल्या भिंतीवरचं घड्याळ लांबून, मेणबत्तीच्या उजेडातही दिसायला हवं. म्हणून दोन-अडीच फुटांची लाकडी तबकडी, काळा रोगण, त्यावर सोनेरी आकडे. समोर काच नाही, कारण तेवढी मोठी काच महाग. खाली लंबक आणि वजनासाठी पेटी, तिच्या दारावर बरेचदा चिनी धर्तीची चित्रं. तासाचे टोले बहुधा नसतातच, नुसती वेळ.

आता तुमच्या घड्याळाकडे या. काच आहे? चावीने स्प्रिंग भरावी लागते? तबकडी पत्र्याची आहे? मग ते टॅव्हर्न क्लॉक नाही. एकोणिसाव्या शतकातलं गोल तबकडीचं, खाली छोटी पेटी असलेलं स्प्रिंगचं घड्याळ असू शकेल. तेही वाईट नाही, पण भाव वेगळा. आणि तबकडीवर ईस्ट इंडिया कंपनीचं नाव ठळक असेल तर ते बनावट असू शकतं, चार पावलं मागेच सरा. मी एकदा असल्याच नावाला भाळून एक गोल घड्याळ घरी आणलं होतं. आमच्या दुरुस्तीवाल्यांनी मागचं झाकण उघडलं, आतलं मशीन पाहिलं आणि चहा मागवला.

खऱ्या घड्याळाची तबकडी फळ्या जोडून केलेली असते, त्यामुळे मागून सांधे दिसतात, रोगणालाही त्याच रेषेत तडे गेलेले असतात. पेटीचं दार उघडून वजन आणि दोरीचा, आणि तबकडी मागून असा, दोन फोटो इथे टाका. तोवर बयाणा देऊ नका.