शब्दशंका : तणाला निराशा येत नाही

प्रश्न : माझ्या मुलीला परदेशातील एका विद्यापीठाकडून आलेल्या माहितीपत्रात ‘स्टुडंट्स आर डिस्करेज्ड फ्रॉम टेकिंग पार्ट-टाइम वर्क इन द फर्स्ट टर्म’ असे वाक्य आहे. घरच्या शब्दकोशात ‘डिस्करेज’ म्हणजे निरुत्साही करणे, नाउमेद करणे असे दिले आहे. विद्यापीठ स्वतःच्याच विद्यार्थ्यांना नाउमेद का करील? शिवाय ‘डिसहार्टन्ड’, ‘डिमॉरलाइज्ड’, ‘डॉन्टेड’ या सर्वांपुढे आमचा कोश ‘निराश, खचलेला’ एवढेच लिहितो. या शब्दांत काही फरक आहे की नाही?
– एक पालक, सातारा

उत्तर : विद्यापीठाने आपल्या मुलीला नाउमेद केलेले नाही. पहिल्या सत्रात अर्धवेळ नोकरी न केलेली बरी, एवढेच ते सांगत आहे. ‘डिस्करेज’ या शब्दाचे इंग्रजीत दोन स्वतंत्र व्यवहार आहेत आणि आपले कोश बहुधा त्यांपैकी मनाशी संबंधित असलेलाच आधी नोंदवतात, म्हणून हा घोटाळा होतो. दुसऱ्या व्यवहारात कोणाच्याही मनाला काही झालेले नसते. सूचनाफलक, नियमपत्रके, सरकारी धोरणे यांत येणाऱ्या ‘डिस्करेज’ला मराठीत ‘परावृत्त करणे’ हा नेमका प्रतिशब्द आहे. कबुतरांनी बसू नये म्हणून कठड्यावर काटे लावले, तर ते कबुतरांना ‘डिस्करेज’ करतात. झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, तर ते तणाला ‘डिस्करेज’ करते, असे इंग्रज माळी सहज म्हणतो. तणाला निराशा येत नसते, हे लक्षात ठेवले की आपल्या पत्रातील वाक्य सरळ होते.

मग ही मनाई आहे का? शब्दशः नाही. मनाई करायची असती, तर ‘नॉट अलाउड’ किंवा ‘प्रोहिबिटेड’ असे लिहिले असते. मात्र इंग्रजी कार्यालयीन भाषेचा स्वभाव असा, की ती ‘नको’ हा शब्द शक्यतो तोंडातून काढत नाही, आणि ‘स्ट्राँगली डिस्करेज्ड’ असे लिहिले असेल तर ते ‘नाही’च्या अगदी उंबरठ्यावर आलेले असते, असे समजून वागणे शहाणपणाचे. (विद्यार्थी व्हिसावर किती तास काम करता येते, हा कायद्याचा प्रश्न आहे. तो या शब्दावरून ठरत नाही. त्यासाठी व्हिसाच्या अटीच वाचाव्यात.)

आता आपल्या दुसऱ्या शंकेकडे. ‘डिस्करेज’ आणि ‘डिसहार्टन’ हे घडणीने एकाच अर्थाचे शब्द आहेत. एक फ्रेंच वेषातला, दुसरा मूळ इंग्रजी वेषातला. ‘करेज’च्या पोटात लॅटिन ‘कोर’ म्हणजे हृदय आहे, आणि ‘डिसहार्टन’मध्ये तर ‘हार्ट’ उघडच दिसते. भाषेचे अभ्यासक हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूकडे नेतात आणि आपल्या ‘श्रद्धा’मधील ‘श्रद्’ हा अंशही त्याच कुळातला मानतात. श्रद्धा म्हणजे एखाद्या ठिकाणी हृदय ठेवणे. तेव्हा ‘डिस्करेज’ होणे म्हणजे ठेवलेले हृदय तेथून निघून येणे, असे मनाशी धरले तरी चालेल.

घडण एक असली, तरी वापराने दोघांना वेगळ्या कामाला लावले आहे. ‘डिस्करेज्ड’ माणसाचे लक्ष पुढच्या प्रयत्नाकडे असते: आता पुन्हा करून काय उपयोग, असे त्याला वाटू लागलेले असते. ‘डिसहार्टन्ड’ माणसाला जे पाहिले किंवा ऐकले त्याचे दुःख असते. गावच्या वाचनालयात वर्षभरात नवे कोणीच सभासद झाले नाही हे पाहून ग्रंथपाल ‘डिसहार्टन्ड’ होईल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला तो येईलच. अर्थशास्त्रात तर पहिल्या शब्दाला काटेकोर व्याख्या मिळाली आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मोजणीत ‘डिस्करेज्ड वर्कर’ म्हणजे ज्याला काम हवे आहे, जो करायला तयार आहे, ज्याने गेल्या १२ महिन्यांत कधीतरी शोधही घेतला, पण आपल्याजोगे काम मिळणारच नाही असे वाटून ज्याने गेल्या ४ आठवड्यांत शोध थांबवला आहे, तो. गंमत म्हणा किंवा क्रूरता म्हणा, अशा माणसाला नेहमीच्या बेरोजगारीच्या आकड्यात धरतच नाहीत, कारण तो आकडा शोधणाऱ्यांचा असतो. प्रयत्न थांबणे हा ‘डिस्करेज्ड’चा गाभा येथे जितका स्वच्छ दिसतो, तितका मला कोणत्याही कोशात दिसलेला नाही.

‘डिमॉरलाइज्ड’ हा शब्द बहुतेकदा समूहाला लागतो: सैन्य, संघ, कारखान्यातील कामगार, शाळेतील शिक्षक. त्याचा इतिहासही वेगळा आहे. अमेरिकन कोशकार नोहा वेब्स्टर यांनी १७९० च्या दशकात फ्रेंच राज्यक्रांतीविषयी लिहिताना तो वापरला, तेव्हा त्याचा अर्थ ‘नीतिभ्रष्ट करणे’ असा होता; मनोधैर्य खच्ची करण्याचा अर्थ पुढच्या शतकात रूढ झाला आणि त्याने जुन्या अर्थाला जवळजवळ हाकलून लावले. ‘डॉन्टेड’ याहून निराळा. तो प्रयत्नाच्या आधीचा शब्द आहे: डोंगर पाहूनच पाय गळणे. लॅटिनमध्ये त्याचे मूळ जनावर माणसाळवण्यात आहे आणि संस्कृत ‘दमन’ हे त्याचे दूरचे नातलग. रोजच्या इंग्रजीत मात्र ‘डॉन्टेड’पेक्षा ‘डॉन्टिंग’ (छाती दडपवणारे) आणि ‘अनडॉन्टेड’ (न डगमगलेला) हीच रूपे अधिक ऐकू येतात.

हे सारे एका प्रसंगावर लावून पाहू. १९ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडलेडच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. त्या संध्याकाळी संघ ‘डिसअपॉइंटेड’ होता, याविषयी दुमत नसावे. कर्णधार विराट कोहली मायदेशी परतणार, महंमद शमी जखमी, पुढचा सामना आठवड्यावर. असा संघ ‘डिमॉरलाइज्ड’ झाला असेल, असे लोकांनी धरून चालणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात मेलबर्नला अजिंक्य रहाणे याने ११२ धावा केल्या, भारताने सामना जिंकला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिकाही २-१ अशी जिंकली. या संघाला ‘अनडॉन्टेड’ म्हणावे. ‘नॉट डिसअपॉइंटेड’ म्हटले, तर ते खोटे ठरेल.

प्रश्न : ‘माय अंकल डिस्करेज्ड मी टू जॉइन द आर्मी’ हे विद्यार्थ्याचे वाक्य मी चूक ठरवले. ‘एन्करेज्ड मी टू जॉइन’ बरोबर, तर हे चूक का, असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.
– एक शिक्षिका, नांदेड

उत्तर : आपण चूक ठरवले ते योग्यच. ‘एन्करेज’ माणसाला कामाकडे ढकलते, म्हणून तेथे ‘टू’. ‘डिस्करेज’ कामापासून दूर नेते, म्हणून ‘फ्रॉम जॉइनिंग’. विद्यार्थ्याला मराठीतूनच समजावता येईल: आपण ‘कामास प्रवृत्त’ करतो, पण ‘कामापासून परावृत्त’ करतो. मराठीत विभक्ती बदलते, तेथे इंग्रजीत शब्दयोगी बदलतो. त्या मुलाची चूक तर्कशुद्ध आहे, हेही त्याला जरूर सांगावे.

प्रश्न : इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात हे जड शब्द खरेच वापरतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘डिस्करेज्ड’ वापरतो, बाकीचे लिहिण्यात अधिक. घरी आणि कचेरीत त्याचे काम लहान क्रियापदांवर भागते. पावसाळी हवेने किंवा रोजच्या कटकटीने मन उदास झाले, तर ‘इट गेट्स मी डाउन’. किंमत ऐकून किंवा वास येऊन इच्छाच गेली, तर ‘इट पुट मी ऑफ’. मात्र ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ म्हणजे बैठक पुढे ढकलली, हे विसरू नये. ‘लेट डाउन’ (भरवसा मोडणे) जपून वापरावा, कारण त्यात आरोप आहे. साहेबांना ‘आय फील लेट डाउन’ म्हटले, की आपण शब्द मोडलात असे सुनावल्यासारखे होते. इंग्लंडमध्ये सामना हरलेला खेळाडू ‘गटेड’ असतो. हा शब्द मासळीचा कोथळा काढण्यावरून आला आहे, तेव्हा अर्जात लिहू नये.

दुसऱ्याचा उत्साह मोडण्यासाठी मराठीत आपण विरजण घालतो, इंग्रज गार पाणी ओततो: ‘पोअर कोल्ड वॉटर’. असे नेहमी करणाऱ्या माणसाला तो ‘वेट ब्लँकेट’, म्हणजे आग विझवायला टाकतात ते ओले घोंगडे म्हणतो. दोन्ही भाषांना उत्साह ऊनच वाटतो, पण विरजलेल्या दुधाचे निदान दही होते.

जाता जाता ‘फ्रस्ट्रेटेड’विषयी. आपल्याकडे हल्ली खचलेल्या मनालाही हाच शब्द लावतात. इंग्रजीत ‘फ्रस्ट्रेटेड’ माणूस चिडलेला असतो आणि अजून धडपडत असतो. दार उघडत नाही म्हणून तो दारावर धक्के मारतो. ‘डिस्करेज्ड’ माणूस पायरीवर बसलेला असतो.